मुकं झालेलं कपाट

मुलगा लग्नाचा झाला की घरातल्या बिजागऱ्या ऐकू यायला लागतात, हे सुकन्याला यंदा कळलं. एरवी त्या वर्षानुवर्षं करकरतच असतात, कोणाचा कान तिकडे जात नाही. पण लोणी भापकर गावचे पाहुणे रविवारी घर बघायला येणार असा निरोप आला आणि अंथुर्ण्यातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात प्रत्येक वस्तू जणू तिच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. पूर्वी मुलाकडचे मुलगी बघायला जायचे, पोहे हाणायचे आणि नाकं मुरडत परत यायचे. आता मुलींचा तुटवडा, म्हणून मुलीकडचेच येतात. संडासाचं दार उघडून बघतात, नळाला पाणी किती वेळ टिकतं ते विचारतात, आणि नाक मुरडायची पाळी त्यांची. तिचा मुलगा ऋतिक बारामतीला कंपनीत कामाला होता, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं, तरी आधीचं एक स्थळ घर बघून जे गेलं ते गेलंच. त्यामुळे या खेपेला सुकन्या इरेला पेटली होती.

त्या घरात सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा, तर मधल्या खोलीतल्या कपाटाचा. तिथे लांब भिंतीत दोन कपाटं होती, शेजारीशेजारी, एकाच सुताराने बसवलेली, सारख्या लाकडी दारांची आणि सारख्या मुठींची. एक गुमान उघडायचं. दुसऱ्याला हात लावला की असं किंचाळायचं की रस्त्यावरचं कुत्रं मान वर करून बघायचं. गुमान उघडणाऱ्या कपाटात आबांची औषधं असायची आणि किंचाळणाऱ्यात बिरदेवचं, म्हणजे सुकन्याच्या नवऱ्याचं, फवारणीचं सामान. आपल्याकडे पोटात घ्यायचं तेही औषध आणि उसावर मारायचं तेही औषध. गोठ्यात एकदा शेळीने असाच एक डबा चाटला आणि पाय ताणले, तेव्हापासून बिरदेवने ते सामान घरात आणलं होतं. घरात शेळ्या नाहीत, एवढाच त्यामागचा विचार.

शेळ्या नसल्या तरी घरात आबा होते. सोनबा, बिरदेवचे वडील. सारा जन्म मेंढरांमागे हिंडण्यात गेला, मग मेंढरं विकून ऊस लावला, आणि मग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. कोरोनात नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. उरले कान. बिरदेवने त्यांना एक सोपा नियम घालून दिला होता. “आबा, जे कपाट वरडंल त्यात हात घालायचा न्हाय. जे गप उघडंल ते तुमचं.” आबांना नियम पटला. आयुष्यभर ओरडण्यावरून मेंढरू ओळखलेल्या माणसाला कपाट ओळखणं काय अवघड? दुपारी भाकरीच्या आधी टोपणभर पित्ताचं औषध ते आपल्या हाताने घेत. कोणी मदतीला गेलं तर खवळत.

शुक्रवारी सकाळी सुकन्याने पदर खोचला. आधी पुढच्या दारातली आबांची कॉट ओढत मागच्या दाराशी नेली, कारण आल्या आल्या पाहुण्यांच्या नजरेला खोकणारं माणूस पडायला नको. आबांनी विचारलं, “कुठं चाललीय माजी कॉट?” ती म्हणाली, “जरा पल्याड, आबा. झाडून घेते.” मग तिने मोर्चा कपाटाकडे वळवला. बिजागरी उगाच करकरत नाही हे तिला ठाऊक होतं. एकतर पिन गंजते, नाहीतर स्क्रू ढिले होऊन दार खाली बसतं आणि लोखंडावर लोखंड घासतं. इथे दोन्ही झालं होतं. तिने दाराखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून दार उचलून धरलं, खिळ्याने खालून ठोकून पिना बाहेर काढल्या, ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये चिंधी बुडवून गंज पुसला, शिलाई मशीनचं तेल सोडलं. स्क्रूची भोकं मोठी झाली होती, त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू पुन्हा आवळले.

“लई कुरकुर करतोस रं म्हाताऱ्या,” काम करता करता ती कपाटाला म्हणाली. “रोज उठून तीच कटकट. थांब, पावणं यायच्या आदी तुजं तोंडच बंद करते.” वस्तूंशी बोलायची तिला सवयच होती. शिलाई मशीनला ती सटवी म्हणायची आणि गॅसच्या शेगडीला भवानी.

दार तिने पुन्हा पुन्हा उघडून मिटून पाहिलं. हूं नाही की चूं नाही. समाधानाने हात धुऊन, आबांना “इंदापूरला जाऊन येते, जेवण झाकून ठिवलंय” असं सांगून ती एसटीला पळाली. आबांनी नुसतं हं केलं. एरवी ते तंबाखू आणायला सांगायचे.

इंदापूरच्या बाजारात तिने पडद्याचं कापड घेतलं आणि मग पाहुणीला द्यायची साडी बघायला एका दुकानात शिरली. समोरच्या साड्या काही तिच्या मनात भरेनात. “भारीतल्या दाखवा की,” ती म्हणाली. दुकानदार उठला आणि त्याने मागचं कपाट उघडलं. ते असं करकरलं की गादीवर बसलेल्या दोन बायका हसल्या.

“मशीनचं तेल सोडा त्यात,” सुकन्या ऐटीत म्हणाली. “माज्या घरचंबी असंच वरडायचं. आजच गप केलंय.”

गप केलंय म्हणता म्हणता ती थांबली. जे गप उघडंल ते तुमचं. आता घरातली दोन्ही कपाटं गप उघडत होती.

दुकानदार साडीचा पदर पसरून दाखवत होता आणि तिला त्यातला रंगही कळत नव्हता. तिने पिशवीतून मोबाइल काढून आबांना लावला. आबांच्या बंडीत बटणांचा फोन असायचा, आणि तो वाजला की हिरवं बटण दाबून ते “कोण हाय?” असं खेकसायचे. आज फोन वाजत राहिला. तिने पुन्हा लावला, पुन्हा वाजून बंद झाला. शेजारच्या सारजाकाकूला लावला, तर तिनेही उचलला नाही, बहुतेक रानात गेली असेल. बिरदेवला लावला. तो ट्रॅक्टरने ऊस घेऊन कारखान्याकडे गेलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणी लावून बसलेल्या माणसाला फोन ऐकू आला तर नवलच.

“ताई, हा रंग तुम्हाला...” दुकानदार म्हणत होता. ती चपला हातात घेऊन बाहेर पळाली. पडद्याचं कापड तिथेच राहिलं.

बारामतीची एसटी लागलीच होती. खिडकीशी बसल्यावर तिने स्वतःला दरडावलं. उगाच जीव टांगणीला लावू नको. आबा भिंत धरून चालतात. कॉटवरून उठले की हात सरकवत येतात, पहिलं दार लागतं ते त्यांच्या कपाटाचं. करकरणारं त्याच्या पलीकडे. तिथवर ते जातीलच कशाला? एवढा विचार केल्यावर तिला श्वास घेता आला. कंडक्टरकडून तिने तिकीट घेतलं, पदराने तोंड पुसलं. आणि मग तिला सकाळी ओढलेली कॉट आठवली.

कॉट आता मागच्या दाराशी होती. तिथून भिंत धरून निघालं की पहिलं दार फवारणीच्या कपाटाचं. तिनेच कॉट हलवली आणि तिनेच कपाट गप केलं. आबा उठणार, हात सरकवत येणार, दार उघडणार आणि कान देणार. दार काही बोलणार नाही, म्हणजे हे आपलंच. आत हात घालणार. वास त्यांना येत नाही. सुकन्याला एसटीतच ओरडावंसं वाटलं. “बिरोबा, माजं चुकलं,” ती पुटपुटायला लागली, “माजं चुकलं, माजं चुकलं.” शेजारची बाई सरकून बसली.

तेवढ्यात बिरदेवचा फोन आला. “काय गं? एवढे मिस्ड कॉल?”

“अहो, तुमच्या कपाटात काय काय हाय?”

“कुठल्या?”

“फवारणीच्या! आबांच्या बाटलीसारखं काय हाय का त्यात?”

“तणनाशकाचा कॅन गळाय लागला हुता,” बिरदेव म्हणाला. “उरलेलं आबांच्या पित्ताच्या रिकाम्या बाटलीत वतून ठिवलंय. चांगली बाटली हुती, टाकायची कशाला म्हणून. का? काय झालं?”

तिने सांगितलं. तो नुसतं “येतो” म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काही होतं की तिला आणखीच भीती वाटली. आपला नवरा घाबरतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

तणनाशक काय करतं हे तिने पाहिलं होतं. तिच्या माहेरच्या गावात एकाने चुकून घोटभर घेतलं होतं. पहिल्या दिवशी तो दवाखान्यात बसून गप्पा मारत होता, चहा मागत होता. बघायला आलेले लोक म्हणाले, वाचला. मग त्याचा श्वास हळूहळू आखडत गेला आणि शेवटी घरच्यांनीच देवाला सोडव म्हणून हात जोडले. म्हणजे घरी गेल्यावर आबा बोलताना दिसले, तरी त्याचा काही भरवसा नाही.

गाळपाचे दिवस. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, एकामागे एक जोडलेल्या, रस्ताभर डुलत चाललेल्या. एसटी त्यांच्यामागे रांगत होती.

“मास्तर, जरा हाणा की गाडी,” सुकन्या उठून पुढे गेली. “घरी आजारी माणूस हाय.”

“बाई, उसावरनं उडवू का?” ड्रायव्हर म्हणाला. पण तिचा चेहरा आरशात दिसला असावा. त्याने हॉर्नवर जो हात ठेवला तो पुढची ट्रॉली बाजूला होईपर्यंत उचलला नाही.

अंथुर्णं जवळ आलं तेव्हा सारजाकाकूचा फोन आला. रानातून परत आल्याबरोबर तिने मिस्ड कॉल पाहिले होते. “काकू, पळत आमच्या घरी जावा,” सुकन्या किंचाळली. “आबांना म्हणावं औषधाला हात लावू नका! बाटली काढून घ्या हातातनं!” फोन तसाच चालू ठेवून सारजाकाकू निघाली. तिच्या चपलांचा फटफट आवाज येत होता, धापा येत होत्या. मग दार ठोठावल्याचा आवाज. “आबा! वो आबा!” पुन्हा ठोठावणं. मग सारजाकाकू फोनमध्ये म्हणाली, “सुकन्या, मागलं-पुढलं दोनी दारं आतनं लावल्यात गं. म्या हाका मारती, पर आबा ओ देत न्हायती.”

आबा दिवसा कधीच कडी लावत नसत. कडी लावली की घुसमटतं, म्हणायचे. उभा जन्म उघड्यावर काढलेला माणूस. त्यांनी कडी का लावली असेल? पोटात आग पडल्यावर, कोणी बघू नये म्हणून? जनावर दुखणं आलं की आडोशाला जातं, तसं? एसटी थांबायच्या आत तिने दांडी सोडली आणि पडता पडता वाचली. रस्त्यावरून घरापर्यंत ती कशी पळाली ते तिलाच माहीत नाही. दारात सारजाकाकू आणि आणखी दोन बाया उभ्या होत्या. एकीने आधीच पदर तोंडाला लावला होता. “औषध घेतलं म्हणं,” ती दुसरीला सांगत होती. सुकन्याने तिला जवळजवळ ढकललंच.

“आबा! आबा, दार उगडा! मी हाय, सुकन्या!”

आतून काही नाही. तिने दोन्ही तळव्यांनी दार बडवलं. “आबा, तुमच्या पाया पडते, कडी काढा!”

मग आतून अगदी दाराजवळून आवाज आला. आबा इतका वेळ दाराच्या मागेच उभे होते. “एकटीच हायस का?”

“काकू हाय संगं. सारजाकाकू.”

“सारजे, बोल.”

“मीच हाय वो आबा,” सारजाकाकू म्हणाली.

कडी निघाली. आबा उभे होते, भिंतीला पाठ लावून, आणि हातात मेंढरं राखायची जुनी काठी होती. दोन्ही हातांनी धरलेली. सुकन्या त्यांच्याकडे झेपावली तर काठी आडवी आली. “तितनंच बोल.”

“आबा, औषध घेतलं का तुमी? खरं सांगा. टोपणभर घेतलं का? जिभेला तरी लावलं का?”

“न्हाय.”

“माजी शपथ?”

“न्हाय घेतलं. आन् घेणार बी न्हाय.”

त्यांच्या मागे दोन्ही कपाटं सताड उघडी होती. सुकन्या बाजूने आत गेली. फवारणीच्या कपाटात आबांची जुनी बाटली उभी होती, टोपण घट्ट लावलेली, वरची धूळसुद्धा तशीच. शेजारच्या कपाटातली खरी बाटलीही हललेली नव्हती. तिला एकदम हुंदका आला, आणि जमिनीवर बसून ती लहान पोरीसारखी रडली. वाचले. देवा, वाचले. सारजाकाकूही डोळे पुसायला लागली आणि म्हणाली, “चला, इघ्न टळलं.” मग सुकन्याचं लक्ष ताटाकडे गेलं. झाकलेलं ताट जसंच्या तसं होतं. शेजारच्या तांब्यातलं पाणीही काठोकाठ. दुपार कलली होती आणि म्हाताऱ्याने सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

“जेवला का न्हाय, आबा?”

आबा खाली बसले नाहीत. काठीही खाली ठेवली नाही. “सकाळी कुणाला म्हणत हुतीस?” त्यांनी विचारलं. “पावणं यायच्या आदी तोंड बंद करते म्हणून?”

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

“आदी माजी कॉट मागल्या दाराला नेलीस,” आबा शांतपणे सांगू लागले. “मग म्हणालीस म्हाताऱ्या लई कुरकुर करतोस. मग ठोकाठोक केलीस, आन् निगून गेलीस. म्या औषधाला उटलो. कपाट उगडलं, गप. दुसरं उगडलं, तेबी गप. म्या समजलो. आंधळ्याला माराय काय लागतंय? एका कपाटाचं तोंड बंद केलं की झालं. मग भाकरीचा इस्वास कसा धरायचा? फोन वाजला तवा वाटलं, मेला का जिता हाय बगायलाच लावला आसंल.”

“आबा, मी कपाटाला म्हणत हुते वो!” सुकन्या कळवळून म्हणाली. “कपाट करकरायचं म्हणून! पावण्यांम्होरं लाज नको म्हणून तेल घातलं. तुमाला कसं म्हणंन मी?”

“कपाटाला म्हातारा म्हणत्यात व्हय?” आबा म्हणाले.

मशीनला सटवी म्हणताना मनात कोणी नसतं, हे ती छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. कपाटाला म्हातारा म्हणताना नव्हतं का कोणी? रात्रभरचं खोकणं, चहा थंड म्हणून कटकट, भाकरी जाड म्हणून कटकट. तिने कधी त्यांचं वाईट चिंतलं नव्हतं, एवढं खरं होतं. पण पाहुण्यांच्या वाटेतून त्यांची कॉट हलवली होती, हेही खरं होतं. आणि ज्या माणसासाठी ती इंदापूरपासून जीव मुठीत धरून धावत आली, तो माणूस तिच्याच भीतीने कडी लावून, उपाशी, दाराआड काठी घेऊन उभा होता. तिला लाज वाटली. त्याहून जास्त, तिला त्यांची कीव आली.

सारजाकाकूने काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. सुकन्याने हाताने नको म्हटलं. तिने ताट पुढ्यात ओढलं, वरची पाटी काढली. भाकरीचा आवाज व्हावा असा मोठा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि खाल्ला. आबांनी मान तिरकी केली. ती चावत होती, ते आबा ऐकत होते. तो घास तिने गिळला. दुसरा घास घेतला.

“ठेचाबी खा,” आबा म्हणाले.

तिने ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, ते ठेच्याचं होतं का कशाचं ते विचारायला आबांना दिसत नव्हतं.

“आता पाणी पी.”

ती तांब्या उचलून घटाघटा प्यायली आणि तांब्या फरशीवर आवाज होईल असा ठेवला. आबा काठीच्या आधाराने हळूहळू खाली बसले, तिच्यापासून चांगले हातभर लांब. तिने ताट त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी हात पुढे केला, ताटाच्या कडेवर बोटं ठेवली आणि तशीच राहू दिली.

“हितंच बस,” आबा म्हणाले. “जरा येळ जाऊंदे. मग जेवतो.”

सुकन्या भिंतीला टेकून बसली. बाहेर बिरदेवचा ट्रॅक्टर दारात येऊन थांबला, तरी ती उठली नाही.